अंगठ्याला तेल्या

"फोटो चार हजार आहेत, तात्या. रोज किती होतील तुमच्याकडून?"

बिरूतात्यांनी पुढ्यातल्या ढिगातलं एक डाळिंब उचलून उन्हाकडे धरलं, फिरवलं आणि पाहुण्यापुढे केलं. पाहुण्याने ते रुमालात घेतलं. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि डाळिंबाचा डाग धुतल्याने जात नाही.

पाहुणे म्हणजे पुण्याचे डॉक्टर अभिराम टिपणीस. औषधाचे डॉक्टर नव्हेत, अभ्यासाचे. तीन वर्षं खपून ते संगणकाला एक विद्या शिकवत होते. डाळिंबाचा फोटो दाखवला की तेल्या रोगाच्या डागाभोवती त्याने नेमकी रेघ ओढायची. आठ दिवसांनी गावात बागायतदारांसमोर प्रात्यक्षिक होतं. रेघ उमटेल ते फळ तोडून पुरायचं, असं ठरलं होतं. जमलं तर काम पुढे चालणार, नाही तर तीन वर्षं त्याच खड्ड्यात.

तात्यांचं शिक्षण तिसरीपर्यंत आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. पण तेल्या ओळखावा तर त्यांनीच, असं सारा माणदेश म्हणे.

"म्हंजी डागाला बांध घालायचा," तात्या म्हणाले.

"अगदी बरोबर!" अभिराम खूश झाले. "बांधाच्या आत रोग, बाहेर चांगलं. असे बांध घातलेले फोटो माझ्याकडे साठच आहेत. एकाला अर्धा तास लागतो. बाकीचे चार हजार नुसते पडून आहेत. ते तुम्ही केलेत की माझा संगणक तुमच्यासारखा होईल."

"मग माझं काय हुईल?"

पलीकडे फळं निवडत बसलेली रंभाबाई फस्सकन हसली.

"रंभे, तुला मी किती फळं दावून शिकिवलं?"

"सात."

"सात?" अभिरामना चेष्टा वाटली.

"सात दावली अन् दिलं बागंत सोडून," रंभाबाई म्हणाली. "म्हनले, हात चालंल तितं चालू दे. जितं हात अडंल, ते फळ ओटीत घाल अन् सांजंला माज्याकडं आन. तेवढंच सांगीन. पयल्या दिशी ओटी फाटायला आली. म्हैन्यानं दोन फळं ऱ्हायली."

"संगणकाला ओटी नसते," अभिराम म्हणाले. शिकलेल्या माणसाला असं काहीतरी लगेच सुचतं.

तात्यांनी मान डोलावली.

"बरं. तुमचं यंत्र कुटं अडतंय?"

"कुठेच नाही." बापाने पोराचे मार्क सांगावेत तसे ते म्हणाले, "साठपैकी अठ्ठावन्न बरोबर!"

"कुनी तपासलं?"

"मीच."

"बांध कुनी घातलं हुतं?"

"मीच."

"म्हंजी फिर्यादीबी तुमीच, जज्जबी तुमीच."

तात्यांनी ढिगातलं एक तुकतुकीत, निरोगी फळ उचललं आणि वरून अंगठा टेकवून पुढे धरलं.

"काडा ह्येचा फोटू."

अभिरामनी काढला. क्षणभरात पडद्यावर लाल रेघ उमटली. बारीक, सफाईदार, कुठेही न थरथरलेली.

तात्यांच्या अंगठ्याभोवती.

रंभाबाईने वाकून पाहिलं. "तात्या, तुमालाच तोडून पुरायला लागतंय बगा."

मग तिने स्वतःचा अंगठा धरला. त्याभोवतीही रेघ. अभिरामनी रुमाल खिशात टाकला आणि स्वतःचा पुण्याचा, स्वच्छ अंगठा फळावर टेकवला. त्यालाही तेल्या निघाला. रंभाबाई हसून हसून आडवी व्हायची राहिली.

"तुमचं त्ये साठ फोटू दावा," तात्या म्हणाले.

साठही फोटो बागायतदारांनी पाठवलेले होते. प्रत्येकात फळ हातात आणि अंगठा डागाला अगदी खेटून. या भागात फळाला बोट दाखवत नाहीत. बोट दाखवलं की फळ नासतं म्हणतात. आधीच नासलेल्या फळालाही कुणी बोट दाखवत नाही, अंगठाच टेकवतात.

पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत अभिरामची रेघ डागाला चिकटून गेली होती. तिशीनंतर ती सैल पडत गेली. पन्नासाव्या फोटोत अंगठ्याचं अख्खं टोक आत आलं होतं.

"कंटाळलो होतो," अभिराम हळूच म्हणाले. "पाठ भरून आली होती. थोडी रेघ बाहेर गेली तर काय बिघडतं, असं वाटलं."

"बांध कोरला," तात्या म्हणाले. "ह्येच्यापायी गावात डोकी फुटत्यात."

अभिराम खाली बसले. ते रडायच्या बेतात होते. संगणकाने काही चुकवलं नव्हतं. गुरुजींचा कंटाळा तेवढा त्याने इमानेइतबारे पाठ केला होता.

"संपलं," ते म्हणाले. "आठ दिवसांत चार हजार फोटो होणार नाहीत."

"चार हजार कुनी मागितलं? त्येला अडायला शिकवा."

"अडायला?"

"आतनं त्येला शंका येतच न्हाई?"

"येते," अभिराम म्हणाले. "डागाच्या कडेला फार येते. किती खात्री आहे, हे तो आत मांडत असतो. ते मीच झाकून ठेवलंय. फक्त हो किंवा नाही म्हणायचं, असं त्याला बजावलंय."

"का?"

"प्रात्यक्षिकात बरं दिसत नाही."

तात्या पुन्हा फळं निवडू लागले.

अभिरामनी त्या रात्री जागून साठ फोटोंतले सैल पडलेले बांध तेवढे आवळून घेतले. मग झाकलेली शंका उघडली. जिथे खात्री नाही तिथे पडद्यावर पिवळा रंग येऊ लागला. चार हजार फोटो संगणकापुढे टाकून, सगळ्यांत जास्त पिवळे होतील तेवढेच त्यांनी निवडले. पहिल्या संध्याकाळी चाळीस घेऊन ते तात्यांकडे गेले.

तात्या फक्त पिवळ्यापुरती रेघ ओढत. बाकीच्या फळाकडे बघतही नसत.

"बाकीचं?" अभिरामनी विचारलं.

"रानाच्या मदी कोन भांडतंय?"

संगणक तेवढं शिकून घेई आणि दुसऱ्या दिवशी नव्या जागी अडे. चाळीसाचे तीस झाले, तिसाचे अठरा. सातव्या संध्याकाळी नऊ. सगळे मिळून दोनशेसुद्धा भरले नाहीत.

आठव्या दिवशी मांडवात माणूस मावत नव्हता. फळामागून फळ आलं आणि रेघ डागावरच बसत गेली. एकाही बागायतदाराचा अंगठा रोगी निघाला नाही. अभिरामचा इस्त्रीचा शर्ट आनंदाने फुगला.

मग बागायतदार संघाचे अध्यक्ष विठोजीराव एक फळ घेऊन उठले.

पडद्यावर सगळीकडे पिवळं.

"हे काय?" विठोजीरावांनी विचारलं.

"अडलंय," अभिराम म्हणाले.

"तीन वर्षं शिकून अडलं?" विठोजीराव हसले आणि त्यांच्या मागे सगळा मांडव हसला.

शंका झाकायची कळ अभिरामच्या बोटाखालीच होती. एकदा दाबली की संगणक हो किंवा नाही काहीतरी म्हणाला असता, आणि इथे कुणाला काय कळणार होतं? बोट कळीवर टेकलं...

त्यांनी ते उचलून घेतलं.

"त्याला माहीत नाही," ते म्हणाले. "मलाही माहीत नाही. तात्यांना विचारा."

फळ हातोहात मागे गेलं. तात्यांनी ते उन्हाकडे धरलं. चांगल्या डोळ्याजवळ आणलं, फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"मलाबी कळंना," तात्या म्हणाले.

विठोजीरावांचं हसू जागच्या जागी थांबलं.

तात्या फळ घेऊन मांडवातून पुढे आले आणि अभिरामच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत म्हणाले,

"पोरा, ओटी धर."