औक्षण कोणाचं

"सरकारी प्रसूतिगृहाच्या मंडळावर यंदा बाई घेणार, आणि तीसुद्धा..." एवढंच रेडिओवरून मालनकाकूंच्या कानावर आलं आणि शेजारणीचा मिक्सर सुरू झाला.

काकू नव्या मंडळाच्या सत्काराला गेल्या, तर खुर्च्यांवर सगळे पुरुषच. जुन्या मंडळानं बाळंतपणाची खोली तिसऱ्या मजल्यावर नेली होती आणि काकूंची सून जिन्यातच बाळंत झाली होती.

"एकही बाई का नाही?" काकूंनी विचारलं.

"मावशी, इथे अनुभव लागतो," अध्यक्ष रणपिसे हसले. "तुम्ही आपलं औक्षण करा."

काकूंनी तबक उचललं. "करते की. कळा सोसत तो जिना चढलेला तुमच्यात कोण, ते सांगा. त्याच्यापासून सुरू करते."

काकू वळल्या आणि समोर श्रोत्यांत बसलेल्या बायकांना ओवाळू लागल्या.

महिन्याभरात मंडळावर खरंच बाई घेतली. मत द्यायचा अधिकार तेवढा तिला दिला नाही.