दहा चिंचोके

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या वृद्ध गुरुजींना भेटायला गेला. नमस्कार करून बसताच त्याने मोबाईल पुढे केला.

"गुरुजी, भाजीपासून पेट्रोलपर्यंत सगळे पैसे मी वॉलेटने नाहीतर कार्डाने देतो. प्रत्येक खर्चावर पॉइंट! आता मोठा टीव्ही घेतला, की विमानाची दोन तिकिटं फुकट."

"घरात टीव्ही नाही?"

"आहे की! पण ऑफरची मुदत आज संपते."

"आणि आईचं कानाचं यंत्र? दिवाळीत घेणार होतास ना?"

व्यापारी अडखळला. "त्या दुकानात पॉइंट मिळत नाहीत, गुरुजी. टीव्हीचं होऊ दे, मग बघू. आईला तरी कुठे घाई आहे?"

"ओसरीवरचा रांजण रिकामा आहे, तेवढा भरून दे," गुरुजी म्हणाले. "घागरीमागे एक चिंचोका देईन. दहा झाले, की पेलाभर मठ्ठा."

व्यापाऱ्याला हसू आले. पण आडावर खेपा सुरू झाल्या, तसा तो मुठीतले चिंचोके मोजू लागला. सातव्या घागरीला रांजणातून पाणी सांडले. 'आता तीनच तर राहिले,' असे म्हणून तो पुन्हा वळला. दहावी घागर रिकामी करून त्याने हात पुढे केला, तेव्हा ओसरीवरून वाहिलेल्या पाण्यात पायरीवरचे त्याचेच बूट भिजून गेले होते.

गुरुजींनी मठ्ठा दिला. "रांजण कितव्या घागरीला भरला?"

"सहाव्या."

"मग पुढच्या चार कुणासाठी आणल्यास?"

व्यापाऱ्याने मुठीतले चिंचोके खाली ठेवले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "पाणी भरताना चिंचोका मिळाला तर जरूर घ्यावा, त्यात वाईट काही नाही. पण तू रांजणाकडे पाहायचं सोडलंस. भरलेल्या रांजणात ओतत राहिलास. आणि जिथे खरी तहान आहे तिथे चिंचोका मिळत नाही, म्हणून तिकडे घागर नेलीच नाहीस."

व्यापारी उठला. ओल्या बुटांनीच घरी जाऊन, आईला घेऊन तो थेट कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेला.

"यावर ऑफर नाही हो," दुकानदार म्हणाला.

"ठाऊक आहे. द्या."

यंत्र बसवून झाले. पैसे द्यायला व्यापारी गल्ल्याकडे निघाला, तोच मागून आईचा आवाज आला.

"अरे, तुझे बूट असे चपचप का वाजतायत?"