गेणूने पोचवलेली चीज

एका गावात एक भोळा जावई होता. इतका भोळा, की म्हशीसुद्धा त्याला बघून वाट सोडायच्या. नाव गेणू.

त्याची बायको हौसा रुसून माहेरी गेली होती. माहेर नदीपलीकडेच. तिचे वडील शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गेणू आणायला गेला तेव्हा हौसा दारातच म्हणाली, "आवं, तुमच्या हातून बाजारातली एक वस्तू कधी घरी आली नाही. एक तरी चीज हितं धड पोचवून दावा, मग येते नांदायला."

"एवढंच ना!" म्हणत गेणू घरी आला. हौसाशिवाय घर त्याला खायला उठायचं.

पहिल्या खेपेला त्याने बत्तासे घेतले. पिशवी कमरेला बांधली आणि नदीत शिरला. पाणी कमरेच्या वर होतं. पलीकडे निघाला तेव्हा पिशवी होती, बत्तासे नव्हते.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, साखरेच्या कणांनी एकमेकांचे हात धरलेले असतात. पण पाणी त्यांना ओढून नेतं. पाणी लागू द्यायचं नाही. पुलावरून यावं, डोक्यावर घेऊन, कडकडीत उन्हात."

"कळलं, मामा. पुढल्या खेपेला तसंच."

पुढल्या खेपेला त्याने लोणी घेतलं. डोक्यावर ठेवलं आणि भर दुपारी पुलाच्या वळशाने निघाला. पोचला तेव्हा लोणी कानांवरून गळ्यात उतरलं होतं आणि मागे तीन कुत्री लागली होती.

"अहो, लोण्याच्या कणांची पकड सैल!" मास्तर ओरडले. "ऊन लागलं की सुटले हात! ओलं फडकं घालावं, सावलीत ठेवावं, मोकळ्या वाऱ्यावर!"

"कळलं, मामा. पुढल्या खेपेला तसंच."

तिसऱ्या खेपेला कापूर. ओल्या फडक्यात घालून त्याने तो ओसरीवर टांगला. वाऱ्यावर किती वेळ ठेवायचं ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं, म्हणून पंधरा दिवस ठेवला. मग पुलावरून, झाडाझाडाच्या सावलीतून फडकं घेऊन आला. नुसतंच फडकं.

"गेला!" मास्तर खाली बसले. "कापराच्या कणांना एकमेकांची ओढच कमी. वितळायलासुद्धा थांबत नाहीत, सरळ हवेत जातात. डबी गच्च लावावी, आत चार मिरे टाकावेत. आमची आई म्हणायची, मिरे असले की कापूर घर सोडत नाही."

गेणू पहिल्यांदाच विचारात पडला. "घर सोडतच नाही?"

"नाही सोडत."

एवढ्यात हौसाने ते फडकं नाकाला लावलं. तिला हसू आलं. "चला, वास तरी पोचला," म्हणाली आणि गाठोडं बांधून निघाली. तीन खेपा उन्हातान्हात घातल्या होत्या बिचाऱ्याने.

आता गेणूला एकच घोर. हौसाने पुन्हा घर सोडलं तर?

दुसऱ्याच दिवशी त्याने हिशेब केला. डबीला चार मिरे, तर घराला किती? त्याने पिशवीभर आणले. खिडक्या शेणाने लिंपल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, आतून कडी लावली. आख्खे मिरे गडगडत जातील म्हणून उखळात घालून दणादणा कुटले आणि मूठमूठ कोपऱ्याकोपऱ्यात उधळले.

"आवं, ह्ये काय चाललंय?" हौसाने विचारलं.

"तू जाऊ नयेस म्हणून," गेणू प्रेमाने म्हणाला.

पहिली शिंक हौसाची. दुसरीही तिचीच. मग मोजदाद राहिली नाही. मांजर कौलातून गेलं. हौसाने दारावर धडक मारली, कडी निखळली आणि ती डोळे मिटून सुटली ती थेट नदीत.

गेणू शिंकत मागे धावला. काठावर येऊन बघतो तर हौसा कमरेइतक्या पाण्यात! तो काठावरूनच ओरडला,

"अगं, पाण्यात नको! बत्ताशांचं काय झालं आठव!"

ती कशाला ऐकते! गेणूने घाबरत घाबरत ओंजळभर पाणी चाखलं. गोड लागेना. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

मान वर करून बघतो तर हौसा पलीकडे, मास्तरांच्या अंगणात उभी. अख्खी. डोक्यापासून पायापर्यंत, कुठे काही कमी नाही.

गेणू आनंदाने नाचायलाच लागला. तोंडाशी हात धरून ओरडला, "मामा, या खेपेला चीज धड पोचली! आता पाठवा हौसाला!"