गुरूच्या डोक्याचा कंगवा

“म्हणजे खवडे माझ्याच दुकानातून गेले, असं तुम्हालाही वाटतं का, बुवा?”

खंडूबुवा बाकावर बसून समोरच्या आरशात बघत होते. आरशात दार दिसत होतं, आणि दारात जमलेली माणसं.

लिंबाजीने पुन्हा विचारलं नाही. खुर्ची त्याने सकाळीच पुसली होती. ती तो परत पुसायला लागला.

गावातल्या पोरांच्या डोक्यांवर खवडे उठले होते. आधी एकाला, मग त्याच्या भावाला, मग आळीच्या आळीला. केस झडून रुपयाएवढे चट्टे पडत, त्यांच्यावर पांढरे पापुद्रे धरत, आणि पोरं रात्रंदिवस डोकं खाजवत. बोलवा उठली की हे सगळं लिंबाजीच्या ‘नवकमल केशकर्तनालया’तून आलं. बाजाराच्या दिवशी ज्या बाकावर जागा मिळत नसे, तिथे आता माशा बसत होत्या. अजून थोडे दिवस असेच गेले तर दुकान उठणार होतं.

त्या भागातल्या कारागिरांत अशा वेळेची एक रीत होती. शिष्याच्या नावाला बट्टा लागला की गुरूला बोलवायचं. गुरूने चारचौघांत शिष्याच्या खुर्चीत बसून डोकं दिलं, की बोलणाऱ्यांची तोंडं बंद. गुरू डोकं न देता उठून गेला, तर शिष्याने दुकानाला कुलूप लावायचं.

लिंबाजीला वस्तरा धरायला शिकवलं ते खंडूबुवांनी. पुढे त्यांनी धंदा सोडला आणि नदीकाठच्या मठात जाऊन राहिले. लिंबाजीचा निरोप पोचला तसे काठी टेकत आले होते.

पण बसले होते बाकावर. खुर्चीत नव्हे.

“बुवा, पाटी वाचलीत का?” दारातून दाजीबा कासाराने विचारलं. त्याचं बांगड्यांचं दुकान समोरच होतं. “नवकमल! आमच्या नातवाच्या डोक्यावर तीन कमळं उमललीत. अगदी नवी.”

माणसं हसली.

“दाजीबा, तुमच्या नातवाचं डोकं मी आधी बघितलं होतं. साफ होतं.”

“साफच होतं की. साफ घेऊन आला आणि हे घेऊन गेला.”

“माझ्याकडे नवं पातं असतं, बुवा!” लिंबाजी गुरूकडे वळला. “प्रत्येक माणसाला नवं. जुनं त्याच्यासमोर मोडून टाकतो. तालुक्यात कुणी करतं का विचारा.”

“पातं नवं,” बुवा म्हणाले. “कंगवा?”

“कंगवा… झटकतो.”

“मशीन?”

“फुंकर मारतो.”

“जोरात मारतो हो,” दाजीबा म्हणाला. “समोर माझ्या दुकानात केस येतात.”

लिंबाजीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने आरशाखालचा खण ओढून लाल फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा काढला आणि तो बुवांच्या पुढ्यात ठेवला. मान ताठ होती.

“हे बघा. कुणी येऊन बघत नाही, नुसतं बोलतात. डोक्याला खवडे, पुळ्या, नायटा असलेला माणूस आला की मी त्याला हाकलत नाही. त्याच्यासाठी हा वेगळा डबा आहे. कंगवा वेगळा, कात्री वेगळी, मशीनची पाती वेगळी. काम झालं की ब्रशने केस काढतो, साबणाने धुतो आणि खळखळ उकळतो. मशीनचं अंग स्पिरिटने पुसतो. त्याच्या गळ्यातलं कापडसुद्धा दुसऱ्याला बांधत नाही. यातलं एक हत्यार कधी चांगल्या माणसाला लावलेलं नाही. आईची शपथ.”

बुवांनी फडकं सोडलं. कंगवा उचलून उजेडात धरला. दात्यांमधून पलीकडचं दार दिसत होतं. मग त्यांनी आरशाखालच्या ट्रेमधला रोजचा कंगवा उचलला, आणि तोही उजेडात धरला. त्याच्या दात्यांत मळ साचला होता.

दोन्ही जागच्या जागी ठेवले.

“हे ट्रेमधलं कुणाचं?”

“चांगल्या माणसांचं.”

“चांगला कसा ओळखतोस?”

“डोकं बघून. तुम्हीच शिकवलंत.”

“खवडा डोक्यात शिरला की त्याच दिवशी दिसतो का रे?”

“नाही. आठ-पंधरा दिवस जातात. कधी जास्त.”

“तोवर ते डोकं कसं दिसतं?”

लिंबाजीने ट्रेकडे बघितलं.

“…साफ.”

बुवांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“मग ट्रेमधलं का नाही उकळत?”

“उकळलं होतं, बुवा.” लिंबाजीचा आवाज खाली आला. “एकदा आबासाहेब बसले होते. उसाचे बागाईतदार आबासाहेब. मी त्यांच्यासमोर कंगवा उकळत्या पाण्यात टाकला. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले. ‘मला खवड्या समजतोस?’ म्हणाले. साबण लावलेलं तोंड घेऊन भर बाजारातून घरी गेले. पुन्हा आले नाहीत. हत्यार उकळणं म्हणजे समोरच्याला रोगी म्हणणं. चांगल्या माणसाला कसं म्हणायचं?”

बुवा उठले.

ते दाराच्या दिशेने वळले. माणसं वाट द्यायला बाजूला सरकली. पण बुवांनी काठी दाराच्या कोपऱ्यात उभी केली, मागे फिरले आणि खुर्चीत येऊन बसले. मुंडासं सोडून मांडीवर घेतलं.

“कर.”

लिंबाजीने धावपळीने धुतलेलं कापड काढून बुवांच्या गळ्याभोवती बांधलं. हात ट्रेकडे गेला.

“तो नको,” बुवा म्हणाले. “लाल फडक्यातला.”

“बुवा… तो खवड्यांचा डबा आहे.”

“ऐकलं मी.”

“लोक काय म्हणतील?”

“तुझ्या दुकानातला सगळ्यात स्वच्छ कंगवा कोणता, ते सांग.”

लिंबाजीने लाल फडक्यातला डबा ओढून घेतला.

काम सुरू झालं. आधी कंगवा आणि मशीन, मग नव्या पात्याचा वस्तरा. पांढरे केस कापडावरून घसरून खाली पडत होते. लिंबाजीचा हात तालुक्यात नावाजलेला होता आणि ते उगाच नव्हतं. वस्तऱ्याची खरखर तेवढी ऐकू येत होती.

शेवटी त्याने तुरटी फिरवली आणि आरसा मागे धरला. बुवांनी मान डोलावली.

“दिलं! बुवांनी डोकं दिलं!” दारातून कुणीतरी ओरडलं.

एवढ्याने सगळं पालटलं. माणसं आत शिरली. बाक भरला. सगळ्यांच्या पुढे दाजीबा, टोपी काढून हातात घेतलेला.

“लिंबाजी, पहिला नंबर माझा. आणि ऐक, त्याच कंगव्याने कर हां. बुवांच्या डोक्याचा.”

“माझंही त्यानेच,” मागून कुणी म्हणालं.

हीही रीतच होती. गुरूच्या डोक्याला लागलेलं हत्यार त्या दिवशी धुवायचं नाही. मागून बसेल त्याला तो प्रसाद. धुणं म्हणजे गुरूचा अपमान.

लिंबाजीचे डोळे भरून आले. किती दिवसांनी बाक भरला होता. त्याने डाव्या हाताने डोळे पुसले. उजव्या हातात कंगवा होता, दात्यांत बुवांचे दोन पांढरे केस अडकलेले.

“या दाजीबा,” तो म्हणाला. “बुवांना उठू द्या, की बसा.”

बुवा उठले नाहीत.

“लिंबा, स्टो कुठंय?”

“मागे आहे. चहा ठेवू का?”

“पाणी ठेव. कंगवा उकळ.”

दाजीबाचा टोपीचा हात तसाच राहिला.

“बुवा, हा तुमच्या डोक्याचा…” लिंबाजी चाचरला. “आजच्या दिवस राहू द्या. उद्यापासून उकळतो. सगळ्यांचं उकळतो. शब्द देतो.”

बुवांनी मागच्या स्टोकडे बोट केलं.

“तुमच्या डोक्याला काही नाही, बुवा. मी आत्ता बघितलंय.”

“दाजीबाच्या नातवाचंही बघितलं होतंस.”

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. लिंबाजीने कंगव्याकडे बघितलं, भरलेल्या बाकाकडे बघितलं. मग तो मागे गेला. स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. पाण्याला उकळी आली तसा तो पातेलं घेऊन आला आणि सगळ्यांच्या समोर, पातेल्यावर कंगवा धरून तसाच उभा राहिला. हात खाली जाईना.

“चारचौघांत तुम्हाला रोगी म्हटल्यासारखं होईल, बुवा.”

“म्हण,” मुंडासं बांधत बुवा म्हणाले. “मला म्हटलंस, की मग आबासाहेबांना राग येणार नाही.”