दह्यात कालवलेल्या काचऱ्या

एकदा एका वयोवृद्ध आचार्यांना त्यांच्या शिष्याने सकाळच्या न्याहारीचे आमंत्रण दिले. शिष्याचे नाव रत्नाकर. पेठेत त्याचे भांड्यांचे दुकान होते आणि दुकानाचा व्याप सांभाळूनही तो कित्येक वर्षे पहाटे आचार्यांकडे उपनिषदांच्या पाठाला जात असे. मनुष्य सज्जन होता, बुद्धीने तल्लख होता. एखाद्या गोष्टीने झपाटला की मात्र आजूबाजूचे त्याला दिसेनासे होई.

त्या दिवसांत तो एअर फ्रायरने झपाटला होता. दुकानात आलेल्या नव्या मालातला एक त्याने घरी नेला, आणि पन्नाशी उलटेपर्यंत स्वयंपाकघरात क्वचित पाऊल टाकणारा हा गृहस्थ रोज सकाळी ओट्यापाशी उभा राहू लागला. बटाट्याचे पातळ काप करायचे, थंड पाण्यात ठेवून त्यांचा पिठूळपणा काढायचा, पंच्यावर पसरून अगदी कोरडे करायचे, तेलाचे बोट लावायचे आणि दाटी न करता थोडेथोडे भाजायचे. मध्येच एकदा भांडे बाहेर ओढून हलवायचे. हे सारे तो चुकतमाकत स्वतःच शिकला. तळणीवाचून बटाटा इतका कुरकुरीत होतो याचा त्याला निर्मळ आनंद होता. तो आनंद आपल्या गुरूंनाही द्यावा, एवढाच त्या आमंत्रणामागचा हेतू होता.

रविवारी सकाळी आचार्य आले. पाठाला येणारे आणखी काही शिष्यही आले. टेबलाच्या टोकाला रत्नाकरचे वडील बसले. सारे त्यांना आप्पा म्हणत. एके काळी पितळी हंडा एका हाताने उचलून गिऱ्हाइकाला दाखवणारे आप्पा अलीकडे फार वाळले होते. वयोमानाने होतेच, असे म्हणून घरच्यांनी ते मनावर घेतले नव्हते.

रत्नाकरने बटाट्याच्या काचऱ्या आणि किसाच्या टिक्क्या स्वतः वाढल्या. "गुरुजी, आवाज ऐका," असे म्हणून त्याने एक काचरी मोडून दाखवली. शिष्यमंडळी खाऊ लागली आणि खाता खाता वाखाणू लागली. रत्नाकरची पत्नी सुमती दारात उभी राहून कोणाला काय हवे ते पाहत होती.

आप्पांनी एक काचरी उचलली, ओठांत धरली आणि हळूच पुन्हा ताटलीत ठेवली. मग त्यांनी दह्याची वाटी जवळ ओढली, मूठभर काचऱ्या तिच्यात बुडवल्या आणि बोटांनी कुस्करू लागले.

"आप्पा," रत्नाकर दबक्या आवाजात म्हणाला, "असा लगदा काय करताय? पाहुणे बसलेत."

आवाज दबका असला तरी टेबल लहान होते. आप्पांचा हात थांबला. त्यांनी बोटे पुसली आणि वाटी बाजूला सारली. "मला खरं म्हणजे भूकच नाहीये," ते म्हणाले. "तुम्ही खा. चांगलं झालंय."

आचार्यांनी अजून घास घेतला नव्हता. त्यांचे दात त्या वयातही इतके शाबूत होते की संक्रांतीच्या सुमारास ते ऊस दातांनी सोलून खात आणि तरुण शिष्य कौतुकाने पाहत राहत. त्यांनी सुमतीला विचारले, "मुली, दही आणखी आहे का?" तिने मोठी वाटी आणून ठेवली. आचार्यांनी आपल्या ताटलीतल्या सगळ्या काचऱ्या आणि वरच्या टिक्क्यासुद्धा त्या दह्यात लोटल्या आणि स्वस्थपणे, पाचही बोटांनी कालवायला सुरुवात केली. कुरकुरीत म्हणून काही उरले नाही. तो काला ते खाऊ लागले, आणि संपल्यावर त्यांनी आणखी काचऱ्या मागून घेऊन त्यांचेही तेच केले.

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिले. रत्नाकरचा चेहरा उतरला.

"आप्पासाहेब," आचार्य म्हणाले, "एकट्याला असं खायला संकोच वाटतो. सोबत करा."

आप्पांनी क्षणभर मुलाकडे पाहिले. मग वाटी पुन्हा ओढली. मान खाली घालून त्यांनी ती संपवली, मग दुसरी घेतली, मग तिसरी. रत्नाकरचे तिकडे लक्षच नव्हते. त्याला दिसत होता तो आचार्यांच्या वाटीतला काला आणि त्यात वाया गेलेली आपली सारी सकाळ.

न्याहारी आटोपली. आचार्यांना घरी पोचवायला तो निघाला. कोपरा वळताच त्याला राहवले नाही.

"गुरुजी, माझं काही चुकलं का? आवडलं नसेल तर तसं सांगायचं होतंत. सगळ्यांच्या देखत त्याचा लगदा केलात, मला फार लागलं."

"मला कुरकुरीत फार आवडतं," आचार्य म्हणाले. "तुझ्या काचऱ्या पाहून तोंडाला पाणी सुटलं होतं. दह्यात टाकल्या तेव्हा हळहळही वाटली."

"मग का टाकल्यात?"

आचार्य वाटेत थांबले. "रत्नाकर, तू आम्हांला आवाज ऐकायला सांगितलास. मी ऐकला. सगळ्यांच्या तोंडून येत होता, एका तोंडून येत नव्हता. तुझ्या वडिलांना चावता येत नाही. त्यांनी त्यावर आपल्यापुरता उपाय काढला होता, आणि पाहुण्यांसमोर तो तुला लाजिरवाणा वाटला. तो उपाय मीही केला, म्हणजे त्यात लाजण्यासारखं काही उरलं नाही. भुकेला माणूस भूक नाही असं म्हणून ताटावरून उठणार होता. त्यापुढे माझ्या काचऱ्या मऊ झाल्या तर काय बिघडलं?"

रत्नाकर म्हणाला, "त्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"वाटी ओढली, ते सांगणंच होतं. तू पुरतं ऐकून घेतलं नाहीस."

"तुम्ही तरी मला तिथेच बोलायचं होतं."

"तिथे बोललो असतो तर तुझी मान खाली गेली असती, आणि ती आपल्यामुळे गेली म्हणून त्यांची आणखी. चारचौघांत एकाला लाज वाटली होती, तेवढी पुरे होती."

रत्नाकर घरी परतला तेव्हा सुमती भांडी आवरत होती. आप्पांना चावता येत नाही हे तिला ठाऊक होते का, असे त्याने विचारले. तिने हातातले काम थांबवले.

"खालची कवळी बसत नाही त्यांची. हिरड्या सोलवटल्यात. रोज तुम्ही दुकानात गेलात की मी त्यांना दुधात पोळी कुस्करून देते. तोवर ते तसेच बसून असतात."

"मला का सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोरगा या वयात हौसेनं काही रांधतोय, त्याचा विरस करू नकोस."

तो तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला. रोज सकाळी तो मोठ्या कौतुकाने वडिलांच्या पुढ्यात ताटली ठेवत होता आणि ते खातात की नाही हे न पाहताच पाठ फिरवून पुढच्या काचऱ्या भाजायला जात होता. कितीतरी दिवस हे असे चालले होते. 'छान झालंय' हे त्यांचे शब्द त्याने दुकानात चार लोकांना सांगितलेही होते. आता ते शब्द आठवले आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आप्पा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते. त्यांच्यासमोर जायचे धैर्य त्याला दिवसभर झाले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बटाटे उकडले, साले काढून हातानेच बारीक केले, त्यांत दही, साखर-मीठ घातले आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी दिली. एक वाटी आप्पांपुढे ठेवली, एक स्वतःला घेतली आणि तो त्यांच्या समोर बसला.

"आप्पा, कवळी दाखवायला आज आपण डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "आणि काल मी जे बोललो..."

तो आपल्या वाटीतला घास कालवू लागला.

आप्पांनी घास घेतला. तोंडात घोळवून सावकाश गिळला.

"मीठ थोडं आणखी चालेल," ते म्हणाले.

रत्नाकरने मिठाचा सट पुढे सरकवला. वर पाहणे त्याला जमले नाही. पण वडिलांची वाटी रिकामी होईपर्यंत तो जागचा हलला नाही.