खर्चुडीची वैशाखातली पानं

मंडळी, आधी मला एक सांगा. दोन व्यापारी तुमच्या दारी तांदूळ घेऊन आले. एक म्हणाला, माझ्या मालात खडासुद्धा सापडणार नाही. दुसऱ्याने आपणहून सांगितले, तिसऱ्या पोत्याला ओल लागली आहे, ते बाजूला ठेवा. उरलेली पोती न उघडता कुणाची घ्याल? चाळीस वर्षे दुकानात बसून मला याचे उत्तर ठाऊक होते. त्याचा पुरता अर्थ मात्र एका टेकडीवर कळला.

एकदा एक निवृत्त पोस्टमन गावामागच्या टेकडीवर खर्चुडी मोजू लागले. खर्चुडी म्हणजे पावसाळ्यात इवल्या कंदिलासारखे फूल धरणारी दुर्मीळ वनस्पती. या गृहस्थांना सारे तात्या म्हणत. हळूहळू त्यांच्यामागे आम्ही दहाबारा जण जमलो. शिकलेले तज्ज्ञ कुणीच नव्हते, सगळे आपापल्या धंद्यातले. त्यांत सर्वांत चोख सुलभा, शिवणकाम करणारी. तिने साठ जागी खुंट्या ठोकल्या, त्यांना रंगीत चिंध्या बांधल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला.

तात्यांचा एक नियम मात्र तिला जाचत असे. श्रावणात मोजायचे, ते ठीक. पण भर वैशाखातही त्याच साठ जागी जायचे आणि साठ वेळा लिहायचे, 'काही नाही'. असे सहा वर्षे चालले. सुलभा म्हणे, "तात्या, कुलूप लावलेल्या घरी टपाल टाकायची तुमची सवय काही जात नाही." तात्या हसत आणि पुढच्या चिंधीकडे चालू लागत.

सातव्या वर्षी ती टेकडी खडीसाठी फोडण्याचा अर्ज दाखल झाला. सोबत खाणवाल्याच्या तज्ज्ञाचा अहवाल होता: संपूर्ण टेकडी पाहिली, खर्चुडी एकही नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी सुलभाने वह्या उसवून वैशाखाची पाने वेगळी काढली. ही पाने खाणवाल्याचीच साक्ष देतील, असे तिचे म्हणणे. आम्हालाही ते पटले. तात्यांनी तिच्याकडून सुईदोरा मागून घेतला, ती पाने पुन्हा शिवली आणि तीही प्रत्येक वर्षाच्या श्रावणाच्या वर.

दुसऱ्या दिवशी अधिकारीबाईंनी पहिले पान वाचले. काही नाही. दुसरे वाचले. काही नाही. खाणवाला शेजाऱ्याला म्हणाला, "यांनी तर आपलंच काम करून ठेवलंय." सुलभाची मान खाली गेली.

बाई पाने उलटत राहिल्या. पुढे श्रावण आला. त्याच साठ जागांपैकी एकतीस जागी फुले. पुन्हा वैशाख, काही नाही. पुन्हा श्रावण, फुले. बाईंनी तज्ज्ञाला विचारले, "टेकडी कोणत्या महिन्यात पाहिलीत?"

"मे," तो हळूच म्हणाला.

मग तात्या उठले. "बाईसाहेब, उन्हाळ्यात हिचा कंद जमिनीखाली निजतो. तेव्हा यांना दिसलं नाही, तसं आम्हालाही दिसलं नाही. पण दिसलं नाही म्हणजे ते नाहीच, असं होत नाही. नुसती फुलांची पानं आणली असती, तर तुम्ही म्हणाला असता, टेकडीच्या मायेपोटी लिहिलंय. आम्ही न दिसलेलंही लिहिलं. आता दिसलेलं खरं मानायचं का, ते तुम्ही ठरवा."

श्रावणात बाई स्वतः टेकडी चढल्या. मनाला येईल तो क्रमांक त्या पुकारत, सुलभा आधी वही वाचून दाखवी, मग गवत बाजूला करी. वही म्हणे फूल, तिथे कंदील डोलत असे. वही म्हणे काही नाही, तिथे नुसते गवत. चौदाव्या जागी मात्र दरवर्षी फूल असे, आणि आज रानडुकराने कंद उकरून खाल्ला होता. सुलभाने तात्यांकडे पाहिलेही नाही. बाईंच्या देखत तिने पेन्सिल काढली आणि लिहिले, 'काही नाही'.

बाई म्हणाल्या, "पुरे. आता बाकीच्या जागा बघायची गरज नाही."

अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशी हलगीच्या तालावर आम्ही वहीची मिरवणूक काढली, आणि ती सुलभाच्या डोक्यावर होती. टेकडी आजही उभी आहे.

म्हणून एवढीच विनंती. तुम्ही पाखरे मोजा, झाडे मोजा, नाहीतर आणखी काही. ज्या दिवशी पदरी काहीच पडले नाही, त्या दिवसाचे पानही वहीत राहू द्या. हिशोब खरा ठेवा.