भीतीच्या हातातल्या बांगड्या

एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. तिथं येसू नावाची एक कासारीण राहायची. कासारीण म्हणजे बांगड्या भरणारी, बरं का. बोटं अशी हलकी, की बांगडी मनगटात कधी गेली ते बायकांना कळायचंसुद्धा नाही. पण पोर भारी भित्री. भांडं पडलं की दचकायची. दार आपटलं की दचकायची. आणि दचकली की हातातली बांगडी कट्कन फुटायची.

ती अशी का झाली, ते ऐका. येसू पाच वर्षांची होती. तिची आई खांद्यावर बांगड्यांची माळ टाकून नदीपलीकडे गेली. दुपारी गडावरचा नगारा वाजला, धडाम्! म्हणजे नदीला पूर आल्याची ती खूण. पलीकडे गेलेले लोक एकेक करून परतले. आई नाही परतली. तेव्हापासून कुठं काही वाजलं, की येसूला एक हात दिसायचा. काळा, ओला, गारढोण. मागून यायचा, गुपचूप, आणि तिचं काळीज मुठीत धरायचा.

मग एकदा काय झालं, राजकन्येचं लग्न निघालं. चुडा कोण भरणार? येसूच्या बाबांचे डोळे गेलेले. म्हणजे येसूलाच जायला हवं. राजा मोठा कडक. त्यानं दवंडी पिटवली, "चुड्यातली एक जरी बांगडी फुटली, तर कासाराचं बिऱ्हाड वेशीबाहेर!" आणि शेवटची बांगडी भरताना गडावर नगारा वाजवायचा, अशी त्या घराण्याची रीत!

तीन दिवस उरले. येसूनं चिमटीत बांगडी धरायची आणि बाबांनी परातीवर लाटणं आपटायचं, असा सराव चालला. पहिल्या दिवशी येसूनं कानात कापूस कोंबला. हात आला, बांगडी फुटली. दुसऱ्या दिवशी ती देवाचं नाव घेत बसली. हात आला, बांगडी फुटली. तिसऱ्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्या हाताला जोरात लोटलं. तो दुप्पट जोरानं आला. बांगडी फुटून काच तळव्यात घुसली.

बाबांनी चाचपडत तिच्या तळव्याला फडकं बांधलं. म्हणाले, "येसू, अवघडलेल्या हातात कधी बांगडी लोटतेस का गं?"

"छे! लोटली तर फुटेल ना, बाबा."

"मग काय करतेस?"

"हात हातात घेते. दाबून दाबून मऊ करते. बोलत राहते."

बाबांनी फडक्याची गाठ मारली.

लग्नाचा दिवस उजाडला. आभाळ नुसतं भरून आलेलं. येसू राजकन्येपुढं बसली. एक दासी म्हणाली, "कुणाला शिंक आली तर आधी सांगा गं, नाहीतर ही दचकायची!" सगळ्या हसल्या. येसू नाही हसली. ती बांगड्या भरत राहिली. आणि शेवटची बांगडी उचलली, तर नगाऱ्याच्या आधीच तो हात आला.

मग येसूनं मनातल्या मनात तो आपल्या हातात घेतला. गार होता. थरथरत होता. पण ती कासाराची लेक! हात धरला की तिला माप कळायचं. माप कळलं, आणि तिच्या काळजात चर्र झालं. एवढंसं मनगट! पाच वर्षांच्या पोरीचं.

"अगं, तू होय!" ती मनात म्हणाली. "अजून आईची वाट बघतेस?"

तिनं तो हात दाबून दाबून मऊ केला. मग मनातल्याच हिरव्या बांगड्या त्यात भरल्या. एक, दोन, तीन.

धडाम्! नगारा वाजला. तो चिमुकला हात दचकून हलला आणि बांगड्या किणकिणल्या. येसू त्याला मनातच म्हणाली, "ये, बस माझ्याशेजारी." आणि राजकन्येची शेवटची बांगडी अलगद मनगटात गेली.

बिऱ्हाड नगरातच राहिलं. आई मात्र आली नाही हं, बाळांनो. गडावरचा नगारा वाजतच राहिला, आणि तो हातही येतच राहिला. पण आता येण्याआधी किणकिणायचा. हातात बांगड्या असल्या की भीतीलासुद्धा चोरपावलांनी येता येत नाही. किणकिण ऐकली की येसू थोडी सरकायची आणि त्याला जागा द्यायची. अशी ती आणि तिचे बाबा सुखानं राहिले.

आता तुम्हीही सरका बघू जरा. कुणाला जागा द्यायची असेल तर द्या, आणि मिटा डोळे.